दोन खिडक्यांचा कॅमेरा : जुना घ्यावा, पण पारखून

गेल्या काही वर्षांत एक नवल आमच्या पाहण्यात येत आहे. ज्यांना कळू लागल्यापासून हाती मोबाइलच आला, अशी विशी-पंचविशीतील मुलेमुली आजोबांच्या कपाटातील फिल्मचा कॅमेरा मागू लागली आहेत. आणि कपाटात तो नसला, तर जुन्या बाजारात त्याचा शोध घेऊ लागली आहेत. वडीलधाऱ्यांस याचे हसू येते. क्षणात शंभर चित्रे फुकट निघत असता छत्तीस चित्रांच्या रोलवर पैसे का घालवावेत, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल योग्यच आहे. परंतु छत्तीसच चित्रे हाती आहेत हे ठाऊक असलेला माणूस बटण दाबण्यापूर्वी समोर पाहतो, आणि हे पाहणेच या छंदाची खरी कमाई आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या मराठी घरांना कॅमेरा परका नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री एके काळी मध्यमवर्गीयांच्या घरोघरी होता. सहलीची, बारशाची, अंगणातल्या तुळशीपाशी उभ्या केलेल्या भावंडांची किती तरी छायाचित्रे त्याने टिपली. मात्र त्यात अंतर अचूक जुळवण्याची सोय नव्हती. ती सोय असलेला, खिशाला झेपेल असा आणि हातात धरताच आवडावा असा कॅमेरा आज कोणी घेऊ म्हटले, तर ‘रेंजफाइंडर’ म्हणजे अंतरमापक कॅमेऱ्याकडे त्याची दृष्टी वळते. अशी खरेदी करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी हा लेखनप्रपंच.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

आपले दोन डोळे एकमेकांपासून थोडे दूर आहेत, म्हणून आपल्याला वस्तूच्या अंतराचा अंदाज येतो. या कॅमेऱ्याचे तत्त्व तेच. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून आपण सरळ पाहतो. दुसरीतून आलेले चित्र आतल्या आरशांवरून फिरून पहिल्या चित्राच्या मध्यभागी एका लहान, किंचित पिवळसर ठिपक्यात पडते. लेन्सची कडी फिरवली की ठिपक्यातील चित्र सरकते. दोन्ही चित्रे एकमेकांवर तंतोतंत बसली, की लेन्स नेमक्या अंतरावर आली असे समजावे.

या रचनेत आरसा वरखाली उडत नाही. त्यामुळे आवाज अगदी हलका होतो, चित्र टिपण्याच्या क्षणीही समोरचे दृश्य दिसत राहते, आणि लेन्स फिल्मच्या जवळ बसवता येत असल्याने ती लहान व हलकी असते. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक मीटरच्या आतले चित्र यातून सहसा निघत नाही. दूरचे पक्षी टिपण्यास तो निरुपयोगी. शिवाय आपण लेन्समधून पाहत नसल्याने लेन्सवर झाकण तसेच राहिले तरी डोळ्यांस सारे स्वच्छ दिसते, आणि रोल मात्र कोरा निघतो!

थोडा वंशवृक्ष

जर्मनीतील वेत्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत प्रथम लोकांपुढे आला. १९३२ साली त्यात लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर बसवण्यात आला, आणि त्याच वर्षी झाइसने आपला कॉन्टॅक्स बाजारात आणला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या हाती हाच छोटासा लायका होता. १९४८ साली त्याने बडोद्याच्या राजघराण्याची छायाचित्रे घेतली. ३० जानेवारीस तो दिल्लीत गांधीजींना भेटला होता, आणि त्याच संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावरून हत्येची वार्ता सांगणारे नेहरू त्याच कॅमेऱ्यात टिपले गेले. मंद प्रकाश, उसळलेली गर्दी आणि हाती एक लहानसा, आवाज न करणारा कॅमेरा! या जातीचे सामर्थ्य सांगण्यास एवढे उदाहरण पुरे.

लायकाची नक्कल अनेकांनी केली. युक्रेनमधील खार्कीव्ह येथे मकारेंको या शिक्षणतज्ज्ञाने निराश्रित मुलांसाठी चालवलेल्या वसाहतीत १९३४ पासून ‘फेड’ कॅमेरा बनू लागला. फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे म्हणजे फेड. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथून १९४८ मध्ये ‘झोर्की’ निघाला. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाकडे गेली आणि त्यातून कीव्हच्या आर्सेनाल कारखान्याचा ‘कीव्ह’ जन्मला. जपानमध्ये कॅननने आरंभ लायकाच्या धर्तीवरच केला. पुढे १९५९ चा कॅनन पी व १९६१ चा कॅनन ७ ही त्याची उत्तम फळे. आज खिशाला परवडणारा रेंजफाइंडर शोधणाऱ्यास या चुलत-मावस भावंडांकडेच जावे लागते. कारण लायकाचा १९५४ चा एम ३ जुना घेऊ म्हटले तरी किंमत लाखाच्या घरात जाते.

कोणता घ्यावा?

ज्याला लेन्स बदलण्याचा खटाटोप नको, त्याने एकाच पक्क्या लेन्सचा जपानी कॅमेरा घ्यावा. १९६६ साली आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ च्या कुळात ४५ मि. मी. एफ/१.७ ची सुरेख लेन्स आहे. यात आपण फक्त छिद्र ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. मात्र बॅटरी नसेल तर सारी चित्रे एक-पाचशेच्या एकाच वेगाने निघतात. १९७२ च्या कॅननेट क्यूएल १७ जी-थ्रीमध्ये ४० मि. मी. एफ/१.७ ची लेन्स असून त्याचे शटर बॅटरीविनाही सर्व वेगांवर चालते. नुसते चित्र हवे असेल तर याशिका बरा. शिकायचे असेल तर कॅननेट.

लेन्स बदलण्याची हौस असेल, तर ३९ मि. मी. व्यासाच्या आट्यांचा कॅमेरा घ्यावा. यामागे शहाणपणाचे कारण आहे. आट्यांची लेन्स फेड, झोर्की, जुना लायका, कॅनन पी व कॅनन ७ या साऱ्यांवर बसते. एवढेच नव्हे, तर एक पातळ कडी लावून ती लायकाच्या एम मालिकेवरही चढते. उलट एम मालिकेची लेन्स आट्यांच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. म्हणजे आज झोर्कीवर लावलेली लेन्स उद्या मोठा कॅमेरा घेतला तरी वाया जात नाही. कीव्ह कॅमेऱ्याचे मात्र गोत्र निराळे. त्याची बैठक कॉन्टॅक्सची आहे, आट्यांची नव्हे. ज्युपिटर नावाच्या लेन्स दोन्ही बैठकींत मिळतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वी लेन्स प्रत्यक्ष बसवून पाहावी.

नवशिक्यास आम्ही फेड २ किंवा झोर्की ४ सुचवू. दोहोंची पाठ पूर्ण निघते, त्यामुळे रोल भरणे सोपे जाते. पहिल्या झोर्कीत व आट्यांच्या लायकात रोल तळातून भरावा लागतो आणि त्यासाठी फिल्मचे टोक कातरून निमुळते करावे लागते. फेड २ च्या दोन खिडक्यांत अंतर अधिक असल्याने त्याचे मापन सूक्ष्म होते. झोर्की ४ मध्ये एक सेकंदापासून एक-हजारांशापर्यंत वेग मिळतात. एक नियम मात्र दोन्हींत देवाच्या आज्ञेप्रमाणे पाळावा : आधी खटका भरावा, मगच वेगाची चकती फिरवावी. उलट क्रमाने फिरवल्यास आतील यंत्रणा बिघडू शकते. विक्रेत्याने तपासण्यासाठी कॅमेरा हाती दिला, की हा नियम प्रथम आठवावा.

सोन्याच्या लायकाची गोष्ट

बाजारात कधी कधी सोनेरी मुलाम्याचा, कातड्याने मढवलेला, १९३६ च्या ऑलिंपिकचे किंवा जर्मन वायुदलाचे चिन्ह कोरलेला ‘लायका’ समोर येतो. विक्रेता हळू आवाजात त्याचा इतिहास सांगतो. वाचकहो, हा इतिहास बहुधा कालपरवा कोरलेला असतो. फेड किंवा झोर्कीची जुनी नावे घासून त्यांवर लायकाचे नाव घातलेले असे कॅमेरे जगभर विपुल आहेत. लेन्स काढून आत पाहावे : लेन्सला टेकणारा जो छोटा दांडा असतो, त्याच्या टोकाला खऱ्या लायकात फिरती चकती असते, फेड-झोर्कीत टोक पाचरीसारखे भरीव असते. शोभेची वस्तू म्हणून कोणी घेतली तर आमची हरकत नाही. परंतु भाव झोर्कीचाच द्यावा.

पारख कशी करावी?

खरेदीस जाताना एक लहान विजेरी, एक मोजपट्टी, आणि शक्य तर ज्यांनी कधी काळी रोल भरले आहेत असे घरातील वडीलधारे बरोबर न्यावेत. अहमदाबादची रविवारची गुजरी, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार व बोरा बाजार, दिल्लीच्या चांदणी चौकातील कुचा चौधरी, हैदराबादचा जुम्मेरात बाजार अशा ठिकाणी नशीब असेल तर चांगला माल मिळतो. गावातील जुना फोटो स्टुडिओ बंद होत असेल तर तेथेही विचारावे. मात्र कुठेही पुढील क्रम सोडू नये.

पहिली गोष्ट शटर. फेड, झोर्कीत ते रबर लावलेल्या काळ्या कापडाचे असते. लेन्स काढून, पाठ उघडून, कापडामागे विजेरी धरावी व अंधारात पाहावे. ताऱ्यांसारखे ठिपके चमकले तर कापडाला छिद्रे आहेत. या कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने, झाकणाविना उन्हात ठेवलेल्या कॅमेऱ्याची लेन्स सूर्यकिरण एकवटून कापड जाळते. छिद्रांचे हे नेहमीचे कारण. कॅनन पी व कॅनन ७ चे पडदे पोलादी पत्र्याचे असतात. त्यांवर सुरकुत्या दिसतात, पण तेवढ्याने काम सहसा बिघडत नाही. मग सर्व वेगांवर खटका दाबून आवाज ऐकावा. एक सेकंद हा घड्याळाशी ताडून पाहावा. शेवटी अति जलद वेगावर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून मागून पाहावे. पूर्ण चौकट क्षणभर उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर प्रत्येक चित्राची ती बाजू काळीच येणार. याशिका, कॅननेट यांत पडदा नसून लेन्समध्ये पोलादी पाती असतात. त्यांवर तेल आले असेल तर ती चिकटून मंद होतात.

दुसरी गोष्ट रेंजफाइंडर. लेन्स अनंत अंतराच्या खुणेवर नेऊन दूरचा मनोरा किंवा देवळाचा कळस पाहावा; दोन चित्रांचे एक व्हावे. मग मोजपट्टीने दोन मीटर मोजून, तेवढ्यावर ठेवलेल्या वस्तूवर पुन्हा जुळवून पाहावे. किंचित सरकलेली जुळणी कारागीर नीट करतो. परंतु मधला ठिपका दिसतच नसेल, तर आतील अर्धपारदर्शक आरसा उतरला आहे. असा कॅमेरा सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट काच. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून विजेरी मागून धरावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. धुके दाटल्यासारखे दिसले तर आतल्या काचांवर साय धरली आहे. कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा असेल तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. पुढच्या काचेवर दोनचार बारीक ओरखडे असले तर चित्रावर फारसा परिणाम होत नाही. धुके मात्र साऱ्या चित्रास फिके करते. हौशी माणूस ओरखडे पाहून नाक मुरडतो आणि धुके पाहायचे विसरतो!

चौथी गोष्ट प्रकाशमापक. जुन्या सेलेनियमच्या मापकांचा जीव बहुधा गेलेला असतो, आणि पाऱ्याच्या ज्या बॅटऱ्यांवर सत्तरच्या दशकातील मापक चालत त्या आता बनत नाहीत. कॅननेटला १.३५ व्होल्टच्या जागी दीड व्होल्टची बॅटरी घातली तर मापनात थोडी चूक येते. याशिका इलेक्ट्रोत कडी बसवून सहा व्होल्टची बॅटरी चालते. परंतु मापक बंद आहे म्हणून कॅमेरा नाकारू नये. त्यासाठी भाव मात्र कमी करून घ्यावा. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि वेग फिल्मच्या गतीएवढा. म्हणजे २०० गतीच्या फिल्मला सुमारे एक-अडीचशे. हा जुना नियम आपल्या देशाच्या उन्हात छान लागू पडतो.

पाचवी, लहान गोष्ट : जपानी कॅमेऱ्यांच्या पाठीच्या खाचेतील स्पंज काळाच्या ओघात चिकट होऊन विरघळतो आणि प्रकाश आत शिरतो. तो घरीही बदलता येतो, खर्च थोडा.

या तपासण्यांतून कॅमेरा सुटला तरी सफाई, तेलपाणी व जुळणी यांचा खर्च हिशेबात धरावा. जाणते कारागीर आता थोडेच उरले आहेत, आणि सोव्हिएत कॅमेऱ्याच्या बाबतीत हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो. म्हणून चालू स्थितीतला, थोडा महाग कॅमेराच अखेर स्वस्त पडतो.

परवडणाऱ्या लेन्स

आरंभी एकच ५० मि. मी. ची लेन्स पुरे. ती माणसाच्या दृष्टीशी जवळीक राखते, आणि फेड, झोर्कीची पाहण्याची खिडकीही तेवढेच क्षेत्र दाखवते. त्यात इंडस्टार ६१ ही एफ/२.८ ची लेन्स सर्वांत स्वस्त आणि तीक्ष्ण. अंधाऱ्या माजघरात चित्र घ्यायचे असेल, तर ज्युपिटर ८ शोधावी. जर्मन सोनारच्या घडणीची ही एफ/२ ची लेन्स चेहऱ्यांना एक मऊपणा देते. थोडे अधिक पैसे असतील तर कॅननची ५० मि. मी. एफ/१.८, फक्त तिच्यात धुके पाहून घ्यावे.

पुढे रुंद लेन्स हवीशी झाली तर ज्युपिटर १२ ही ३५ मि. मी. एफ/२.८ ची लेन्स स्वस्तात मिळते. तिची मागची काच पोटात खोलवर जाते. म्हणून आपल्या कॅमेऱ्यात ती कुठे टेकत नाही ना, हे पाहूनच फिरवावी. फेड, झोर्कीवर तिच्यासाठी वेगळी खिडकी वर बसवावी लागते. कॅनन पी मध्ये ३५, ५० व १०० या तिन्ही चौकटी आतच दिसतात. आणखी एक बारकावा : सोव्हिएत लेन्स आणि जपानी-जर्मन कॅमेरे यांच्या अंतराच्या मापात किंचित फरक आहे. त्यामुळे कॅननवर लावलेली ज्युपिटर पूर्ण उघडून जवळचा चेहरा टिपला तर नेम थोडा ढळू शकतो, छिद्र ५.६ किंवा ८ केले की हा दोष झाकला जातो. नवीनच हवी असेल, तर जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ पासून फोइग्टलेंडर या जुन्या जर्मन नावाने काढलेल्या लेन्स उत्तम. अलीकडे चिनी कंपन्याही एम बैठकीच्या स्वस्त लेन्स काढू लागल्या आहेत, पण त्या आट्यांच्या कॅमेऱ्यावर चढणार नाहीत, हे विसरू नये. परदेशातून टपालाने मागवायचे झाल्यास सीमाशुल्काची रक्कम आधीच धरावी.

जपणूक

गोव्यात आणि बेळगावकडच्या पावसात बुरशी हा काचेचा पहिला शत्रू. इंदूर, ग्वाल्हेरकडे धुळीचा त्रास अधिक. कॅमेरा कातडी पेटीत ठेवून कपाटात बंद करण्याची आपली जुनी सवय मोडावी, कारण कातडे ओल धरून ठेवते. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी घालून त्यात कॅमेरा ठेवावा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून खटके मोकळे दाबावेत. खटका भरून ठेवू नये. स्प्रिंगवर ताण राहतो.

हिशेब आणि हुरूप

खर्च लपवण्यात अर्थ नाही. एक रंगीत रोल, त्याची धुलाई व स्कॅन मिळून हजार रुपये धरले, तर प्रत्येक चित्रास सुमारे २८ रुपये पडतात. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आता इतिहासजमा झाली; सध्या कोडॅक, इल्फर्ड यांसारख्या परदेशी फिल्मवरच भिस्त आहे. कृष्णधवल रोल घरी धुण्यास शिकले तर खर्च उतरतो, आणि पोराबाळांना रसायनाचा एक चांगला धडा मिळतो. ज्या घरी महिन्याला एक रोलही परवडणार नाही, तेथे हा छंद ओढूनताणून आणू नये. परंतु परवडत असेल, तर महागड्या कॅमेऱ्यात पैसे घालण्यापेक्षा साध्या कॅमेऱ्यात अधिक रोल घालावेत.

आणि एक कळकळीची सूचना. नवा आणलेला जुना कॅमेरा थेट मुंजीला किंवा आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला नेऊ नये. मुंज पुन्हा लागत नाही, आणि कोऱ्या निघालेल्या रोलची भरपाई कोणी करू शकत नाही. पहिला रोल अंगणात, गच्चीवर, शेजारपाजारी घालवावा. प्रत्येक चित्राचा वेग व छिद्र वहीत टिपून ठेवावे. रोल धुऊन आल्यावर वहीशी ताडून पाहावे. कॅमेऱ्याचे सारे गुणदोष त्या छत्तीस चित्रांत उघडे पडतात. दुसऱ्या रोलापासून तो घरचा झाला म्हणावे.

मग मात्र त्यास कामाला लावावे. मोबाइलमधील हजारो चित्रे उपकरणाबरोबर हरवतात. निगेटिव्ह नीट ठेवली तर दोन पिढ्यांनंतरही तिच्यातून पुन्हा छाप काढता येतो. महाराष्ट्राबाहेर चारचार पिढ्या नांदलेल्या आपल्या कुटुंबांत, कोण कुठून आले, कोणत्या वाड्यात राहिले, याची साक्ष पुष्कळदा एखाद्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्रावरच असते. आणि त्यामागे नाव लिहायचे राहून गेल्याने ती साक्षही मुकी होते. म्हणून चांगली निघालेली चित्रे कागदावर छापून घ्यावीत, आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. कॅमेरा कोणत्या कुळाचा होता, हे तुमच्या नातवंडांना कोणी विचारणार नाही. चित्रातली माणसे कोण, हे मात्र ती नक्की विचारतील.